पाव मिलिमीटरचं आरमार

जहाज बांधणं फारसं अवघड नसतं. काचेच्या पेटीत ठेवायच्या जहाजाबद्दल बोलतोय मी. लाकडाच्या पट्ट्या भिजवल्या की वाकतात, चिकटवल्या की चिकटतात, आणि थोडं इकडेतिकडे झालंच तर पॉलिशपेपर सगळं पोटात घालतो. शिडं मी लावतच नाही. नुसत्या डोलकाठ्या उभ्या केल्या की जहाज बंदरात विसावलंय असं ऐटीत सांगता येतं. माणसाचा कस लागतो तो तारेपाशी.

सध्या माझ्या टेबलावर ‘ट्रिंकोमाली’ आहे. अस्सल मुंबईकरीण. जमशेटजी बमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानात बांधलेली ही फ्रिगेट 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. तिची ऑर्डर निघाली होती 1812 मध्ये. पण नकाशे घेऊन निघालेलं ‘जावा’ नावाचं जहाज अमेरिकनांनी ब्राझीलजवळ गाठलं आणि संपवलं, नकाशे गेले, मग नवे मागवले, आणि तळाचा कणा पडेपर्यंत 1816 उजाडलं. हा इतिहास मी घरात वरचेवर सांगतो, कारण “हे कधी संपणार?” हा प्रश्नही वरचेवर येतो. अख्खी गोदी हाताशी असताना ब्रिटिश आरमाराला पाच वर्षं लागली. मी एकटा आहे, आणि मला गोदी मिळते ती जेवणं उरकून टेबल पुसून झाल्यावर.

माझी ट्रिंकोमाली मूळ जहाजाच्या शहाण्णवाव्या हिश्शाची आहे, म्हणजे तिथले आठ फूट तो माझा एक इंच. ऐकायला हे गोड वाटतं. आता एक तोफ घ्या. तोफ उडाली की मागे उसळते. तिनं डेकभर धुमाकूळ घालू नये म्हणून एक जाड दोर तिच्या मागून घेऊन त्याची दोन्ही टोकं जहाजाच्या कुशीतल्या लोखंडी कड्यांना बांधतात. तिला पुन्हा पुढे आणायला दोन्ही अंगांना कप्प्या आणि दोर, त्यांच्या कड्या निराळ्या. मागे खेचायचं तर डेकमध्ये आणखी एक. एका तोफेमागे सहा-आठ कड्या कुठेच जात नाहीत. तोफा 46. गुणाकार तुम्ही करा. मी केला त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि खऱ्या जहाजावरची कडी इंचभर जाड गजाची असेल, तर माझी येते पाव मिलिमीटरची. बाजारच्या भाषेत 33 गेज.

ही तार आणायला तापकीर गल्लीत गेलो.

“तेहतीस गेजची वायंडिंग वायर आहे?”

“आहे. किती किलो?”

“दहा मीटर.”

दुकानदारानं मला आपादमस्तक न्याहाळलं. “काका, मोटर कुठली आहे?”

“मोटर नाही, जहाज आहे.”

तो अतिशय सभ्य माणूस होता. काही न बोलता पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

शेवटी मोटर रिवाइंडिंगच्या एका दुकानातून उरलीसुरली भेंडोळी फुकट मिळाली. तिच्यावर इनॅमलचा पातळ थर असतो, तो खरवडल्याशिवाय डाग बसत नाही. पाव मिलिमीटरच्या तारेवरून तो खरवडताना तारही अधूनमधून खरवडली जाते, पण ते चालायचंच.

तारेलाही स्वभाव असतो. पितळ मानी. काटकोनात वाकवा, चिमटा सोडला की ते थोडं मागे येतं, जणू “तुमचं म्हणणं ऐकलं, पण पटलं नाही.” त्यामुळे त्याला हवं त्याहून जास्त वाकवायचं आणि मग त्यानं तडजोड करण्याची वाट पाहायची. तांबं वरवर सोशिक. पहिल्यांदा निमूट वाकतं, दुसऱ्यांदा किंचित कुरकुरतं, पुढे कडक होत जातं आणि ऐन मोक्याला मोडतं. मग त्याला मंद लाल होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात सोडायचं, की स्वारी पुन्हा मऊ. पोलाद तापवून असं विझवलं तर उलट कडक होतं. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मेव्हण्याला मी कौतुकानं हे करून दाखवलं. त्यानं कारणमीमांसा सुरू केली, चहा दोनदा झाला, आणि त्या अवधीत वाटीतलं पाणी तारेसकट कुणीतरी मोरीत ओतलं.

कडी करण्याची खरी विद्या मला दिली आमच्या रविवार पेठेतल्या सोनारअण्णांनी. मी चिमट्यानं एकेक कडी वळवत होतो हे ऐकून त्यांनी दोन्ही हात कानांना लावले. मग एका बारीक सळईवर तारेचे वळसे घेतले, घट्ट, एकाला एक चिकटून. त्या स्प्रिंगला लांबीत एक छेद दिला, आणि खाली कड्यांचा ढीग. माझ्या आठवड्याचं काम त्यांनी चहा येईपर्यंत संपवलं. “मंगळसूत्राच्या कड्या अशाच होतात,” म्हणाले. “विकणार कितीला?”

“विकायचं नाही.”

“मग मजुरी कोण देतं?”

मी गप्प. अण्णांना वाईट वाटलं असावं. विषय बदलायला मी त्यांना सांगितलं, की ट्रिंकोमालीच्या कण्यात वाडियांनी पारशी रिवाजाप्रमाणे कोरीव चांदीचा खिळा ठोकला होता. तेव्हा कुठे त्यांना त्या जहाजात रस वाटला. “किती तोळ्यांचा?” माझ्या तांब्याबद्दलचं त्यांचं मत मात्र शेवटपर्यंत बदललं नाही. “एवढी मेहनत घेताच आहात तर सोन्यात करा. अडीनडीला मोडता तरी येईल.”

तार तोडली की तुकडा उडतो. कुठे, ते विचारू नका. लोखंडाचा असता तर लोहचुंबकाला आला असता. तांबं आणि पितळ त्याला ढुंकूनही पाहत नाहीत. व्हॅक्युमच्या तोंडाला जुना मोजा ताणून बसवला की तुकडे मोज्यावर अडकतात, हा इलाज मी शोधल्यापासून घरातला केर फक्त मी काढतो. आमच्या संसाराला या छंदाचा झालेला फायदा एवढाच, असं बायको चारचौघांत सांगते. सोनारांच्या दुकानापुढची धूळ विकत घेऊन, धुऊन सोनं काढणारे झारेकरी असतात. ते आमच्या दारावरून गेले तर त्यांना नेपोलियनच्या काळातल्या फ्रिगेटचा निम्मा लोखंडी सरंजाम मिळेल.

राहिला रंग. तांब्याच्या कड्या चकाकतात आणि खऱ्या काळ्या असतात. रंग फासला तर कडीचं भोकच बुजतं. यावर साधा उपाय म्हणजे उकडलेलं अंडं. ते अर्धं कापून कड्यांबरोबर बंद डब्यात ठेवायचं. त्यातला गंधक रातोरात तांबं काळवंडवतो. अडचण एवढीच, की आमच्या घरात अंडं म्हणजे शेजाऱ्यांकडे जाऊन आवडीनं खायचा पदार्थ. ते समोरच्या काकूंकडून उकडून आणलं, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घातलं, कपाटावर लपवलं. सकाळी आईला नेमका तोच डबा हवा होता. कड्या मात्र झकास काळ्या झाल्या होत्या, हे तिलाही नाकारता आलं नाही. “जहाज राहू दे,” ती म्हणाली, “पण हा डबा आता त्या जहाजातच ठेव.”

तर वाचकहो, तुमच्याकडे जळालेला टेबलफॅन किंवा मिक्सर पडून असेल तर तो एवढ्यात भंगारात घालू नका. आतली तार ब्लेडनं जरा खरवडून पाहा. तांबडी निघाली तर मला कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमची. तिला डाग बसत नाही. ती भंगारवाल्यालाच द्या.