बेचाळीस नंबरचा कोट

बुटीबोरीत एमआयडीसीकडे वळणाऱ्या रस्त्यावर भाऊंचा फोटो स्टुडिओ आहे. आत एक स्टूल, दोन छत्र्या, एक निळा पडदा, एक पांढरा, आणि खिळ्याला काळा कोट. कोट ४२ नंबरचा. टाय रबराचा, गाठ कायमची मारलेली. बारीक पोरगा आला की भाऊ तो कोट पाठीमागून कपडे वाळवायच्या चिमट्यांनी आवळतात. समोरून साहेब, मागून दोरीवरचं धुणं. पहिली पाळी सुटली की कितीतरी फिटर, वेल्डर, हेल्पर या कोटात शिरले आणि मुलीवाल्यांच्या घरी पोचले. माझंही लग्न त्याच कोटानं जमवलं.

"आपन फोटो काढत नाई भाऊ, मानूस दुरुस्त करतो," हे त्यांचं ब्रीद. तीळ पुसायचा, गाल भरायचे, रंग दोन घरं उजळायचा. घरच्यांना ओळखायला जरा वेळ लागे, पण ओळख पटल्यावर आनंदच होई.

मग चेहरे ओळखणारी यंत्रं आली आणि भाऊंची कला थेट फसवणुकीच्या शेजारी राहायला गेली. नीटच्या अर्जाला चेहरा ८० टक्के हवा, कान दिसायला हवेत, मागे पांढरं. कानांवर भाऊंचा विशेष राग. "कान पाहून कोनी डाक्टर करते काय?" मी सांगितलं, काही बहाद्दर दोघांचे चेहरे मिसळून एकच फोटो लावतात आणि एकाच्या जागी दुसराच पेपर देतो. यूपीएससीनं तर सप्टेंबर २०२५ मध्ये गुरुग्रामला परीक्षेच्या दारातच यंत्रानं चेहरे पडताळून पाहिले. भाऊ गंभीर झाले. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "दोन चेहरे मिसळते कसे म्हन्ता?"

दूरसंचार खात्याच्या 'अस्त्र'ची बातमी मात्र मी वाचून दाखवायला नको होती. एकच चेहरा आणि नावं वेगवेगळी, अशी सिमकार्डं हुडकायला त्यानं ८७ कोटी जोडण्यांचे फोटो तपासले. भाऊंची नजर खिळ्याकडे गेली.

"मंग आपलं कसं? एका कोटात अर्धी बुटीबोरी हाये!"

यंत्र कोट बघत नाही, चेहऱ्याची ठेवण आकड्यांत उतरवून ताडून पाहतं, असं समजावलं. त्यानं ते जास्तच दुखावले. एवढा इस्त्रीचा कोट, आणि बघतच नाही?

खरा घाव पासपोर्टानं घातला. दुकानाच्या पाटीवर 'पासपोर्ट फोटो' हीच अक्षरं सर्वांत मोठी, आणि पासपोर्टासाठी फोटो आता केंद्रातच काढून घेतात. घरून न्यायचा तो फक्त चार वर्षांच्या आतल्या लेकरांचा. म्हणजे या खात्यात भाऊंना उरलेली गिऱ्हाइकं कोटात मावत नाहीत आणि स्टुलावर टिकत नाहीत.

हल्ली भाऊ सरळ झालेत. अर्जाचा फोटो असला की तोंड फिरवून, औषध पाजल्यासारखा, जसा माणूस तसा काढतात. तीळ दिसला की संगणकाच्या उंदरावरचा हात नुसता वळवळतो.

परवा मी बसलो असताना एक पोरगा आला. "फोटो पायजे होता."

"मशीनले दाखवाचा का सासऱ्याले?"

पोरगा लाजला. भाऊंनी चिमट्यांचा डबा पुढे ओढला.