सुट्या भागांचे भाऊजी

कुकरची शिट्टी होईना म्हणून ताईने झाकण काढलं, तर आतली रिंग चार बोटं कापलेली. ती ओरडली नाही. गॅस बंद करून तडक मागच्या खोलीत गेली. तिथे भाऊजी तोंडाला काळं खोकं बांधून बसले होते आणि खोक्याच्या खाली, बरोबर नाकाच्या खाचेत, तो चार बोटं तुकडा होता.

"इथून उजेड आत येत होता," भाऊजी खोक्यातूनच म्हणाले. "आता बंद झाला."

"आणि वरणाचं काय?"

"अगं, रिंग नवीन मिळते! सगळा कुकर नाही टाकावा लागत. तेच तर मी जगाला सांगतोय."

जगाला अजून ते ऐकू गेलेलं नाही. पण आमच्या घराण्यात कुणाची सुटका नाही.

काही माणसं वस्तू विकत घेतात आणि वापरतात. भाऊजी वस्तू घरात आणतात ती नांदवायला. त्यांच्या लग्नातला मिक्सर अजून चालू आहे. मोटर दोनदा बदलली, भांडी तीनदा, पात्यांचा तर हिशेबच नाही. मूळचं म्हणाल तर कंपनीच्या नावाची पट्टी तेवढी उरली आहे आणि तीही एका बाजूने सुटली आहे. "मिक्सर तोच आहे," असं भाऊजी छातीवर हात ठेवून सांगतात. स्क्रू असलेल्या वस्तूबद्दल त्यांना आदर वाटतो, चिकटवलेल्या वस्तूबद्दल चीड. जी उघडता येत नाही ती पैसे देऊनही आपली होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा जे घडलं ते घडणारच होतं. भाच्याने बोनसच्या पैशातून आभासी दुनिया दाखवणारा हेडसेट घेतला आणि वर्षभरात त्याच्या एका डोळ्यात उभी रेघ आली. दुकानदार म्हणाला, रिपेअर होत नाही, नवीन घ्या. भाऊजींनी ताईचा हेअर ड्रायर आणला, खोकं गरम करून करून उकललं आणि आत सगळीकडे गोंदच गोंद पाहून बराच वेळ गप्प बसले. शेंडीला गाठ मारायची, तर डोक्यावर केस नाहीत. पण त्या रात्री ठरलं. ज्याचा प्रत्येक भाग सुटा निघेल, एकेक करून नवा घालता येईल आणि नातवंडांपर्यंत पोचेल, असा हेडसेट ते स्वतः करणार. नातवंडं अजून व्हायची होती. भाचीचं लग्नही.

यात त्यांना पूर्वज नाहीत असं नाही. गूगलने असाच सुट्या ठोकळ्यांचा फोन करायला घेतला होता, प्रोजेक्ट आरा. २०१६च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी तो गुंडाळला. गणपती तोंडावर आलेले, आणि भाऊजींनी त्या वर्षी अकराऐवजी सातच मोदक खाल्ले. २०१५मध्ये रेझर आणि सेन्सिक्स यांनी ओएसव्हीआर नावाने खुला, भाग बदलता येणारा हेडसेट आणला. त्याचंही पुढे फारसं काही झालं नाही. यावर भाऊजी २०२१पासून विकल्या जाणाऱ्या फ्रेमवर्कच्या लॅपटॉपचं उदाहरण तोंडावर मारतात, ज्याचं कीबोर्डपासून मदरबोर्डपर्यंत सगळं घरी बदलता येतं. ताई मात्र वेगळं उदाहरण पाठ करून बसली आहे. कॅलिफोर्नियातल्या पामर लकी नावाच्या पोराने २०१२मध्ये असल्याच खोक्यासाठी लोकांकडे अडीच लाख डॉलर मागितले, त्याला चोवीस लाखांच्या आसपास मिळाले आणि २०१४मध्ये फेसबुकने ती कंपनी दोनशे कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं. "दोन वर्षांत, अहो! तुमचा अजून पट्टाच शिवून व्हायचाय."

पट्टा भाच्याच्या जुन्या दप्तराचा आहे. बाकी माल तपकीर गल्लीतून आणि दर रविवारी जुन्या बाजारातून येतो. वजन पोह्यांच्या काट्यावर होतं. पुढे भार झाला की मान दुखते, म्हणून बॅटरी डोक्यामागे गेली. मागे भार झाला तेव्हा खोकं कपाळावर चढलं. १९६८ साली आयव्हन सदरलंडने हार्वर्डमध्ये जे यंत्र केलं ते इतकं अवजड होतं की छताला टांगावं लागे. हे वाचल्यापासून भाऊजी अधूनमधून झोपाळ्याच्या कडीकडे बघतात. ताईने झोपाळा काढू दिलेला नाही.

त्यांची मूळ कल्पना साधी होती. भाऊ भाऊ वेगळे राहतात तशा वेगळ्या चुली. पडदा वेगळा, भिंगं वेगळी, मेंदू वेगळा, बॅटरी वेगळी. ज्याचं वय झालं त्याने उठायचं, नव्याने त्या जागी बसायचं. प्रत्यक्षात हे एकत्र कुटुंब निघालं. नवा पडदा आणला, तो आकाराने मोठा. म्हणून भिंग बदललं. भिंग बदललं तर त्याचं पडद्यापासूनचं अंतर बदललं, म्हणजे डबी पुन्हा छापायची. त्यात भिंगाची खोड अशी, की ते कडेचं चित्र बाहेर ओढतं. म्हणून सॉफ्टवेअर तेच चित्र आधीच उलट, आत दाबून ठेवतं. दोन वाकड्यांचं लग्न लावून दिल्यामुळे संसार सरळ दिसतो. आता एक वाकडा बदलला, की दुसऱ्याला त्याच्या वाकडेपणाची नव्याने ओळख करून द्यावी लागते. चित्र दाट झालं म्हणून मेंदूवर काम वाढलं, मेंदू तापला, पंखा आला, पंख्याने बॅटरी संपवली, मोठी बॅटरी आली आणि खोकं पुन्हा कपाळावर चढलं.

सगळ्यात घोर फसवणूक कनेक्टरने केली. पडद्याला जाणारी ती चपटी पट्टी ज्या नखाएवढ्या खाचेत बसते, ती खाच साधारण वीस-तीस वेळाच काढ-घाल सहन करते. टाइप-सीचा सॉकेट दहा हजार वेळा. भाऊजींनी सोमवारी सकाळी पट्टी पहिल्यांदा बसवली आणि बुधवारी संध्याकाळी खाचेने राम म्हटला. भाग बदलता यावेत म्हणून केलेल्या वस्तूत भाग बदलण्याची जागाच सगळ्यात अल्पायुषी! दुसरा कुणी असता तर खचला असता. भाऊजींनी आता कनेक्टरच सुटा केला आहे. तो सुटा कनेक्टर ज्या कनेक्टरमध्ये बसतो, त्याबद्दल मी विचारलं नाही.

चाचणीसाठी माणूस लागतो, आणि मेहुणा हा माणूसच असतो. पहिल्या खेपेला मी मान वळवली, तर समोरचा समुद्र जागचा हलेना. मग सरकारी कामासारखा सावकाश मागून आला. मानेच्या मागोमाग वीसेक मिलिसेकंदांच्या आत चित्र वळलं नाही तर पोट ढवळतं, हे भाऊजी मला नंतर समजावत होते. तेव्हा मी बाथरूमच्या दारात होतो. ताईने आवळासुपारी दिली. वरंधा घाटात देते तशीच.

दोन डोळ्यांच्या बाहुल्यांतलं अंतर, हा त्यांचा सध्याचा विषय. मोठ्या माणसात ते सरासरी ६३ मिलिमीटर, पण माणसागणिक वेगळं. भिंगं त्या अंतरावर सरकवली नाहीत तर चित्र धूसर दिसतं. भाऊजींकडे वही आहे. त्यात आई ५८, मी ६५, ताई ६०, दूधवाला ६६. कुणाची ओळख करून दिली की ते नमस्कार करतात आणि खिशातली फूटपट्टी काढतात.

भाचीला बघायला मंडळी आली तेव्हा ताईने ती पट्टी आधीच काढून घेतली होती. पण भाऊजींकडे दुसरी असते. मुलगा सॉफ्टवेअरमधला आहे एवढं कळायचा अवकाश, पोह्यांची बशी बाजूला झाली, मुलाच्या नाकावर पट्टी आली आणि पाठोपाठ खोकं. मुलगा शहाणा, हूं की चूं केलं नाही. त्याची आई लिंबाची फोड हातात धरून बघत राहिली.

"दिसतंय?" भाऊजींनी विचारलं.

"हो... छान आहे."

"खोली जाणवते ना?"

"जाणवते की. बरीच जाणवते."

भाऊजींनी आमच्याकडे विजयी नजरेने पाहिलं आणि लाडाने खोक्याच्या पुढच्या बाजूवर थाप मारली. थाप पोकळ वाजली. पडदा सकाळीच काढून, नवा कनेक्टर लावायला, मागच्या खोलीत ठेवला होता. मुलगा गेली पाच मिनिटं निव्वळ अंधार बघत बसला होता आणि तारीफ करत होता. तेवढ्यात भाची हसली, ती तोंडाला ओढणी लावून आत पळाली तरी स्वयंपाकघरातून हसणं ऐकू येत होतं.

मंडळी गेल्यावर ताई ओट्याशी पाठमोरी उभी राहून बशा विसळत होती. एवढ्या जोरात बशा विसळायची काही गरज नव्हती. शेवटी तिनेच मुलीला विचारलं, "मग? काय कळवायचं?"

भाची काही बोलायच्या आत भाऊजी वही उघडून दारात आले.

"मुलगा ६१ आहे," ते म्हणाले. "हिचंही ६१च. एकाने काढला की दुसऱ्याने तसाच घालायचा, भिंगं हलवायलाच नकोत."