आठ मिलिमीटरची ऐपत

रेडिओवर चालणारी शर्यतीची बग्गी बहुधा खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाची; पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर जेमतेम 28 सेंटिमीटर. ते वाढवले की खडबडीत मातीत गाडी सरळ धावते, घटवले की वळणावर चटकन फिरते. मागच्या हबच्या पाठीमागची दोन मिलिमीटरची वॉशर काढून पुढे घातली, तरी फरक जाणवतो. पण फुकटात भागेल तो शौक कसला! म्हणून ॲल्युमिनियमची चासी करवतीने कापायची, मध्ये कार्बन फायबरचा तुकडा बोल्टने जोडायचा आणि आठ मिलिमीटर कमवायचे. मग फोर-व्हील ड्राइव्हचा मधला दांडा आखूड पडतो, वायरी ताणतात, बॉडी बसत नाही. तिन्ही नवे. पहिल्याच उडीत जोड निखळतो आणि बग्गी खरोखरच लांबते: दोन तुकड्यांत.