सेटिंगवाले नाना

कापूस विकला गेला, दिवाळी जवळ आली की खानदेशात घरोघर टेम्पोतून टीव्हीची लांबलचक खोकी उतरू लागतात. 22 सप्टेंबर 2025 पासून बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, तेव्हापासून तर त्रेचाळीसच्या खाली कोणी बोलायलाच तयार नाही. कंपनीचा माणूस येतो, भिंतीला भोकं पाडतो, वायफायचा पासवर्ड टाकतो, सही घेतो आणि पसार होतो. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "नानांना बोलवा."

हे नाना जळगावात पिंप्राळ्याला राहतात, मेहरूणला राहतात आणि धुळ्याच्या देवपुरात तर गल्लीला एक आहेत. कुठे त्यांना आबा म्हणतात, कुठे आप्पा. वीज मंडळातून नाहीतर शाळेतून निवृत्त. खिशात चष्मा, पेन आणि टेस्टर. नव्या टीव्हीला टेस्टर कुठे लावणार, असं त्यांना विचारायचं नसतं.

त्यांची उमेदवारी गच्चीवर झाली. हातात अँटेनाचा दांडा, खालून कोणीतरी ओरडतंय, "आलं! आलं! गेलं!" चित्र खालून वर पळायला लागलं की ते थांबवणारं व्हर्टिकल होल्डचं बटण फक्त त्यांच्याच बोटांना वश होतं. 1987 मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं, तेव्हा टीव्हीजवळची खुर्ची आपसूक त्यांची असे. रंगीत प्रक्षेपण 1982 साली, दिल्लीच्या एशियाडच्या वर्षी, आलं ते पाल पद्धतीचं. त्यात रंगछटा सरकण्याचा दोष यंत्रणाच निस्तरते, त्यामुळे अमेरिकन टीव्हीवरच्या टिंटच्या बटणाची इथे गरजच नव्हती. ही उणीव नानांना वर्षानुवर्षं खटकत राहिली. नव्या टीव्हीच्या मेनूत टिंट सापडला त्या दिवशी त्यांनी बातम्या देणारी मुलगी एकदा हिरवी केली, एकदा जांभळी केली आणि समाधानाने पट्टी पुन्हा मधोमध आणून ठेवली.

चहा येईपर्यंत नाना नुसतंच बघतात. मग रिमोट मागतात आणि पहिला घाव 'व्हिविड'वर घालतात. दुकानात ट्यूबलाइटच्या लखलखाटात, दहा टीव्हींच्या रांगेत आपलाच उठून दिसावा म्हणून कंपन्यांनी हा भडकपणा काढला. घरात त्याचं काय काम? मुद्दा रास्त आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा जळगावकर दुपारी खिडक्या लावून, पडदे ओढून कूलरसमोर पडलेला असतो. त्या अंधारात व्हिविड डोळ्यांत खुपतो.

शार्पनेस ते जवळजवळ शून्यावर आणतात. तो वाढवून बारकावे वाढत नाहीत, टीव्ही फक्त कडांना पांढरी किनार काढत बसतो. ब्राइटनेसवर मात्र व्याख्यान असतं. पुष्कळ टीव्हींत उजेड बॅकलाइटच्या हाती असतो, ब्राइटनेस फक्त काळ्याचा काळेपणा ठरवतो. पण प्रत्येक कंपनी नावं वेगळी ठेवते, हा नानांचा जुना राग. कंपन्यांनी एकदा जळगावला येऊन बसावं, असं त्यांचं मत आहे.

मग पाळी येते 'मोशन'ची. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा. टीव्ही मधली चित्रं मनानेच तयार करून घुसडतो आणि कोट्यवधींचा चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. हे बंद करा, असं डिसेंबर 2018 मध्ये टॉम क्रूझने व्हिडिओ काढून जगाला विनवलं होतं. "टॉम क्रूझ सांगतोय, मी नाही," असं म्हणत नाना बटण दाबतात. पोरं कळवळतात. त्यांना तो गुळगुळीतपणाच आवडलेला असतो.

खरा तंटा रंगांवर होतो. टीव्हीचा पांढरा हा 6500 केल्विनच्या आसपास हवा, म्हणून नाना 'वॉर्म 2' लावतात. निळसर पांढऱ्याला सरावलेलं घर एकदम गप्प होतं. खाटेवरची आजी विचारते, "नाना, त्या बाईले कावीळ व्हयनी का?" नाना ढळत नाहीत. दोन दिवसांत डोळा बसेल, म्हणतात. तेही खरंच आहे.

तेवढ्यात घरची सूनबाई स्वयंपाकघरातून येते, मालिकेतल्या सासूच्या हातांकडे बघते आणि म्हणते, "हिच्या पाटल्या तांब्याच्या का दिसताहेत?"

इथे नाना चुळबुळतात. आकाश निळं दिसावं, गवत हिरवं दिसावं याची प्रत्येकाच्या डोळ्यात आठवण असते आणि माणूस पडद्याला तिच्यावरच घासून बघतो. केळी पिकताना हिरव्याचा पिवळा कसा होतो हे रावेर-यावलच्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही, तसं जळगावच्या बाईला सोनं. सराफ बाजाराच्या या गावात पाटल्यांच्या रंगावरून वाद घालायची छाती नानांची नाही. केल्विन बाजूला ठेवून ते निमूट 'वॉर्म 1' करतात. पाटल्या सोन्याच्या होतात. चहा दुसऱ्यांदा येतो.

धुळ्याला साडूंकडे मात्र त्यांचा शब्द शेवटचा. एरंडोल, पारोळा करत एसटीने जातात, सेटिंग लावतात, शेवभाजी खाऊन परततात. बस धुळ्याच्या स्टँडवरून हलली की भाचा पुन्हा व्हिविड लावतो, शार्पनेस शंभर करतो. साडूंची त्याला मूक संमती असते. मात्र पुढच्या खेपेला, येताना नाना पारोळ्याला पोचल्याचा फोन आला की साडू स्वतः रिमोट शोधू लागतात आणि भाच्याला विचारतात, "ते सिनेमाचं कुठे असतं रे? लाव लवकर, नाहीतर जेवायच्या आधी व्याख्यान होईल."