सद्गुणांची बारनिशी

सद्गुण कितीही झाकून ठेवला तरी कस्तुरीप्रमाणे आपला परिमळ आपणच दरवळवितो, अशी जी समजूत आमच्या पूर्वजांनी पिढ्यानुपिढ्या जतन केली, तीत त्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही. कारण त्यांच्या काळी जिल्हा परिषद नव्हती. ती महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी अवतरली आणि १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यापासून स्कूल बोर्डांच्या हाती असलेला खेड्यापाड्यांतील शाळांचा कारभार यथाक्रम तिच्या दफ्तरात दाखल झाला. तेव्हापासूनच्या दीर्घ अनुभवाने आता एवढे निर्विवाद सिद्ध झाले आहे की, सद्गुण आपण होऊन कोणाच्याही नाकापर्यंत पोचत नाही. त्याचा प्रस्ताव सादर करावा लागतो. तोही तीन प्रतींत, केंद्रप्रमुखांच्या शिफारशीसह आणि मुदतीच्या आत.

आमच्या जिल्ह्याचा गुणगौरव सोहळा यंदा फाल्गुनात पार पडला. शिक्षकदिन ५ सप्टेंबरला येतो हे जिल्ह्यात कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु निधीची तरतूद, पाहुण्यांची तारीख आणि आचारसंहितेची समाप्ती या तीन ग्रहांची युती भाद्रपदात क्वचितच होते. या विलंबाचा मला मात्र लाभ झाला. शेजारच्या आळीतले एक गुरुजी 'आदर्श शिक्षक' पुरस्कारासाठी सिद्ध केलेली आपली फाइल शुद्धलेखन तपासण्याच्या निमित्ताने माझ्याकडे ठेवून गेले आणि ती मला सावकाश वाचता आली. मी आयुष्यात थोडीफार चरित्रे वाचली आहेत, काही आत्मचरित्रेही वाचली आहेत. परंतु नायकाच्या थोरवीविषयी इतका निःशंक, आणि प्रत्येक विधानाला गटविकास अधिकाऱ्यांच्या सहीचा आधार असलेला ग्रंथ माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

प्रारंभी रंगीत छायाचित्र, त्यामागे चारित्र्याचा दाखला, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून विभागीय चौकशी चालू नसल्याचा दाखला. पुढे लावलेल्या वृक्षांची मोजदाद होती, जगलेल्यांची नव्हती. 'शैक्षणिक उठाव' नावाच्या प्रकरणापाशी मी क्षणभर दचकलो, कारण उठाव म्हटले की माझ्या पिढीला १८५७ आठवते. पण सरकारी परिभाषेत तो शब्द गावकऱ्यांकडून शाळेसाठी पंखे, रंग, खुर्च्या आणि रोकड गोळा करण्याला लावतात असे समजल्यावर जीव भांड्यात पडला. त्यानंतर वर्तमानपत्रांतील कात्रणे, त्यांपैकी दोन माझ्याच वर्तमानपत्रातील, आणि शेवटी परिपाठाच्या वेळची छायाचित्रे, ज्यांत मुले रांगेत आणि गुरुजी मध्यभागी. मुलांना वाचता येते काय, या बाबीचा रकाना मी दोन रात्री शोधला. अखेरीस गुरुजींनाच विचारले, तेव्हा ते नम्रपणे म्हणाले, "साहेब, त्याला गुण नाहीत."

त्यांची थट्टा करण्याचा मला अधिकार नाही. एके काळी या पुरस्कारासोबत आगाऊ वेतनवाढ मिळे. पुढे ती थांबली आणि शाल, श्रीफळ व स्मृतिचिन्ह एवढा ऐवज शिल्लक राहिला. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात प्राथमिक शिक्षक चांगला शिकलेला असावा आणि त्याला बरा पगार मिळावा अशी मागणी आहे; शालीची मागणी त्यांनी केल्याचे मला तरी स्मरत नाही. बहुधा हिवाळ्यात निवेदन लिहिले नसावे.

फाइलीतील एका प्रकरणाचे मूळ मात्र खरोखर आदरणीय आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० साली दहा लाख डॉलरांचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली होती, ही गोष्ट सर्वत्र झाली. या उदाहरणातून आमच्या जिल्ह्याने काय बोध घ्यावा याविषयी दोन पक्ष संभवत होते: रक्कम वाटून टाकावी, किंवा कोड चिकटवावेत. जिल्ह्याने विवेकपूर्वक दुसरा पक्ष स्वीकारला. आता आमच्या शाळांच्या भिंतीवर कोड आहे, पाण्याच्या टाकीवर कोड आहे, कडुनिंबाच्या खोडावर कोड आहे. गुरुजींच्या शाळेतील कडुनिंबापुढे मी माझा मोबाइल धरून पाहिला. झाडाविषयीची माहिती येण्यास रेंज नव्हती. पण झाड समोरच होते, त्यामुळे फारसे अडले नाही.

सोहळ्याची वेळ पत्रिकेत सकाळी अकराची होती, म्हणून मुलांना नऊ वाजता आणले होते. मंडपात पहिल्या तीन रांगा कोचांच्या, त्यामागे खुर्च्या आणि त्यामागे सतरंजी. 'गुणवंत विद्यार्थी' ही ज्यांची पदवी, त्यांचे स्थान सतरंजीवर. पाहुणे सव्वाला आले. स्वागतगीत झाले, दीपप्रज्वलनास वाऱ्याने तीनदा हरकत घेतली, आणि मग मान्यवरांचे सत्कार सुरू झाले. ज्यांनी सत्कार करावयाचा त्यांचा सत्कार, तो ज्यांनी केला त्यांचा सत्कार, मंडपवाल्याचा सत्कार, असे करीत करीत अडीच वाजता सूत्रसंचालकांनी वेळेअभावी विद्यार्थ्यांनी पाच-पाच जणांच्या गटाने व्यासपीठावर यावे अशी विनंती केली.

येथे शिष्यवृत्ती परीक्षेविषयी सांगितले पाहिजे. पुण्याची राज्य परीक्षा परिषद ती घेते; त्या वेळी ती पाचवीच्या आणि आठवीच्या मुलांसाठी होती. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुण, एकूण ३००. ज्या वाडीवर वीज पावसाच्या मर्जीने येते, तेथल्या मुलाने बुद्धिमत्तेच्या प्रश्नांतील घड्याळे आरशात उलटी वाचून गुणवत्ता यादीत यावे, ही गोष्ट निःसंशय गौरवास्पद आहे. नवोदय विद्यालयाची निवड त्याहून मोठी. एकेका विद्यालयात सहावीला ८० जागा आणि त्यांतील किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी. तेथे ज्याची वर्णी लागते तो शाळा सोडून जातो, म्हणजे आमच्या शाळेचा सर्वोच्च सन्मान हा शाळेचा पट एकाने कमी करणारा आहे. एका शाळेचा पट २१ होता. तिने एकाच वर्षी दोन मुले नवोदयला धाडली. २०२३ साली शासनाने २० हून कमी पटाच्या शाळांच्या 'समूह शाळा' करण्याची योजना पुढे आणली होती. तेव्हा त्या मुख्याध्यापिका बाईंना अभिनंदनाचे पत्र आणि पट कमी झाल्याबद्दलची विचारणा अशी दोन्ही पत्रे एकाच टपालाने आली. बारनिशीत त्यांचे क्रमांकही लागोपाठचे होते. बाईंनी दोन्ही पत्रे एकाच पुठ्ठ्यात लावली आहेत.

पाच जणांच्या तिसऱ्या गटात एक मुलगी होती. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा पाचवीत, आता सहावीत. सोहळ्याची वाट पाहता पाहता तिचा गणवेश आखूड झाला होता. प्रमाणपत्रावर तिच्या नावापुढे 'कुमार' छापले होते आणि ते दुरुस्त करण्यासाठी 'र'च्या पुढे बॉलपेनाने एक 'ी' ओढली होती. छायाचित्रकाराने "हं, बघा इकडे" म्हणताच सात मान्यवर किंचित पुढे सरकले, आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्या मुलीचे डोक्याची रिबीन आणि नारळ धरलेला हात एवढेच दर्शन घडले. छायाचित्राखाली नावे मान्यवरांची होती. तो अंक माझ्याच वर्तमानपत्राचा असल्याने याविषयी अधिक न बोलणे बरे. खाली उतरल्यावर तिने सोबत आलेल्या बापाला, ज्याने त्या दिवसाची मजुरी बुडवली होती, हळूच विचारले, "दादा, ह्यो फोडायचा का ठिवायचा?" बाप म्हणाला, "गुरुजीस्नी इचार."

परंतु गुरुजी मंडपात नव्हते. फाइलवाले गुरुजी होते. त्यांना पुरस्कार मिळाला आणि शाल त्यांना शोभलीही. या मुलीला शिकवणारे गुरुजी निराळे, वाडीवरचे. त्यांनी जन्मात कधी प्रस्ताव केला नव्हता. मुलांना वाचता येते काय या रकान्याखेरीज त्यांच्याजवळ भरण्यासारखे काही नव्हते आणि तो रकाना कोठे नव्हता. त्या दिवशी ते बीएलओच्या कामावर घरोघर मतदार याद्या पडताळत हिंडत होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकाला अशैक्षणिक कामास जुंपण्याची मनाई केली आहे. केवळ दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक एवढे अपवाद ठेवले आहेत. आमच्याकडे यांपैकी एखादा अपवाद चालू नसेल असा महिना मला तरी पंचांगात सापडला नाही.

आठवड्याभराने त्यांना कारणे दाखवा नोटीस आली. आपल्या विद्यार्थिनीच्या गौरवसमारंभास गैरहजर राहून त्यांनी विद्यार्थिहिताविषयी अनास्था दर्शविली होती. खुलासा तीन दिवसांत करावयाचा होता. मी लेखक म्हणून ते माझ्याकडे आले. मी संतापाच्या भरात चार पाने लिहिली, त्यांत कलम २७ दोनदा आणि जोतीराव एकदा आणले. त्यांनी ती आदराने वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि माझ्याच टेबलावर बसून आपल्या वळणदार अक्षरात खुलासा लिहिला:

"सविनय सादर. उक्त दिनांकी मी तहसील कार्यालयाच्या हुकमाने मतदार यादीच्या कामी होतो. विद्यार्थिनीस मिळालेला नारळ सोमवारी शाळेत पोचला. परिपाठानंतर फोडून सर्व हजर मुलांत वाटला. माहितीस्तव."

मला तो मसुदा फार अशक्त वाटला आणि तसे मी म्हणालोही. ते म्हणाले, "एवढ्याने फाइल बंद होते, साहेब."

फाइल बंद झाली नाही. गेल्या मंगळवारी खुलासा परत आला. गैरहजेरीविषयी त्यात अवाक्षर नव्हते. समासात लाल शाईने एवढाच शेरा होता: "सदर नारळाची नोंद शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत आढळून येत नाही. उलट टपाली खुलासा करावा."