‘मातृभाषा’ रकान्यास खुले पत्र

मा. श्री. ‘मातृभाषा’ रकाना,
मु. दाखल-खारीज रजिस्टर, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

सा. न. वि. वि.

आपली प्रकृती ठणठणीत असणारच. जन्मभर एकच शब्द सांभाळायचा म्हटल्यावर दुखणार काय? जूनमध्ये पोरं शाळेत येतात. कुणाच्या घरी गोंडी, कुणाच्या घरी छत्तीसगढी. आपण बहुतेकदा कुणाला न विचारता ओळीने ‘मराठी’ लिहून घेता. आई दारातच उभी असते, पण तिला कशाला त्रास!

आपलं कौतुक अशासाठी, की एवढ्या एका शब्दात आपण केवढे कायदे गारद केलेत. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, असं राज्यघटनेचा अनुच्छेद 350-क 1956 पासून सांगतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 तेच ‘शक्य तिथवर’ म्हणून सांगतं. पण कागदावर गोंडी बोलणारं मूलच नाही, तर गोंडीतून शिकवायचं कुणाला? शेजारच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच काढली. तिला अनधिकृत म्हणून नोटीस गेली. आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मिरचीचं तर आपल्या कानावरही नसेल. धान झोडून झालं की इकडची माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात, लेकरांसकट. तिथे लेकरू शेतमालकाची तेलुगू उचलतं, इतर मजुरांची हिंदीही उचलतं. परत येतं तेव्हा वर्गातले धडे कुठल्या कुठे गेलेले. गुरुजी मराठीत विचारतात, पोरगं गप्प. शेरा: अप्रगत. तीन-चार भाषांत काम भागवणारं पोर अप्रगत, आणि आपण, एका शब्दाचे धनी, सुशिक्षित! अशा लेकरांना जातील तिथल्या शाळेत घ्यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड नावाची एक सोय आहे म्हणा. पण राज्याची हद्द ओलांडली की त्याचं वजन मिरचीच्या देठाएवढं.

2025 मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा आदेश निघाला, राज्यभर रान पेटलं, 29 जूनला सरकारने तो मागे घेतला. ठीक झालं. पण त्या गदारोळात इथल्या पोराची पहिली भाषा शाळेत कधी यायची, हे विचारायला कुणाला सवड झाली नाही. आपण मात्र शांत. आपल्या हिशेबी प्रश्न सुटलेलाच होता.

काही गुरुजी-मॅडम आपल्याला न जुमानता स्वतः गोंडी शिकतात, पोरांकडून शब्द गोळा करतात, फळ्यावर दोन्ही भाषा मांडतात. अशांवर आपण रागावत असाल. रागवा.

येत्या जूनमध्ये जरा रुंद व्हा. घरची भाषा, गावातली, कामाला गेल्यावरची, अशा तीन तरी ओळी मावू द्या, आणि लिहिण्याआधी आईला विचारू द्या. म्हणजे वर कुणाला तरी मोजावं लागेल, की कुरखेड्यात गोंडी पुस्तकं किती हवीत आणि गोंडी येणारे शिक्षक किती.

आपला,
एक पालक

ता. क. उत्तराची घाई नाही. ज्यांच्यासाठी हवं, ती मंडळी होळीपर्यंत तेलंगणात खम्ममकडे मिरची तोडायला गेलेली आहेत.