मामाला सगळं माहीत आहे

आमच्या घरात पदवीनंतर शिकायला पुण्याला गेलेला पहिला माणूस मी. या एका भांडवलावर मी आजवर बरंच व्याज खाल्लं आहे. जालन्यात आमच्या भावकीतल्या कुणालाही, कुठंही, कशालाही प्रवेश मिळाला की त्याला माझ्याकडे धाडतात. एकाला चेन्नईत इंजिनिअरिंगला मिळाला होता, त्यालाही मी तासभर मार्गदर्शन केलं. चेन्नई मी पाहिलेलं नाही. पण पाहिलेलं असावं अशी अट मार्गदर्शनाला कधीच नव्हती.

त्यामुळे यंदा भाचीला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात भूगोलाच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, तेव्हा ताईचा फोन येणार हे ठरलेलंच होतं. "तू तिथलाच आहेस. हिला जरा सगळं दाखवून दे, म्हणजे माझ्या जिवाला घोर नाही." मी म्हटलं, "ताई, तू अगदी निर्धास्त राहा."

पहिली सूचना मी आदल्या रात्रीच दिली. "शिवाजीनगरला उतर, बस पकड आणि विद्यापीठ चौकात पुलाखाली उभी राहा. पूल चुकायचा नाही, एवढा मोठा आहे." सकाळी तिचा फोन आला. "मामा, तू म्हणतोस तो पूल 2020 मध्येच पाडलाय. मेट्रोसाठी. आता इथं दुसराच पूल आहे, दुमजली." मी चिंचवडला राहतो. चिंचवडहून हा चौक काही चंद्रावर नाही. पण आठवणीतला रस्ता पाठ असला की माणूस खऱ्या रस्त्यानं जात नाही. "मग त्याच्याखाली उभी राहा," मी म्हणालो. "पूल तो पूल."

विद्यापीठाचा परिसर 411 एकरांचा. आमची घरची शेती साडेतीन एकर आणि तिचा बांध नेमका कुठं संपतो यावर काकांशी अजून एकमत नाही. तेव्हा 411 एकर म्हणजे काय हे नव्या विद्यार्थ्याला आकड्यानं कळत नाही, पोटऱ्यांनी कळतं. प्रवेश मिळाल्यावर लोक नवी सॅक घेतात, लॅपटॉप घेतात. घ्यायचे असतात बूट. भाचीनं ते घातले होते. मी खास त्या दिवसासाठी नवी कोल्हापुरी घालून आलो होतो. ती म्हणाली, "मामा, रिक्षा करू या का आतपर्यंत?" मी म्हणालो, "कॅम्पस पायांनीच कळतो." दुपारपर्यंत तो मला उजव्या पायाच्या अंगठ्याजवळ फार खोलवर कळला.

आधी मी तिला मुख्य इमारतीकडे नेलं, कारण तो मनोरा दुरून दिसतो आणि चुकण्याची शक्यता कमी. हे पूर्वीचं गव्हर्नमेंट हाऊस. मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात इथं मुक्कामाला यायचे. पुढं 1948 मध्ये विद्यापीठ स्थापन झालं, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. एवढं मी बरोबर सांगितलं आणि तिथंच थांबायला हवं होतं. पण तोवर आजूबाजूला आठ-दहा पालक जमले होते. मला विद्यापीठानंच नेमलंय असा त्यांचा समज झाला आणि तो दूर करणं माझ्या जिवावर आलं. मग मी 22 जून 1897 ची रात्र काढली. राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव, रोषणाई, मेजवानी आणि चापेकरांनी रँडला गाठलं ते... "इथं! या पायऱ्यांवर!" मी पाय आपटून जागा दाखवली. अंगठा कळवळला. एका गृहस्थांनी पायरीला हात लावून नमस्कारसुद्धा केला. भाची हळूच म्हणाली, "मामा, गोळ्या बाहेर गणेशखिंड रस्त्यावर झाडल्या. तो परतत होता तेव्हा." गृहस्थांनी हात पुसला. मग त्यांनी मला विचारलं, शैक्षणिक शुल्काचा दुसरा हप्ता कधी भरायचा? मी म्हटलं, "दिवाळीनंतर." मला काय ठाऊक!

तिथून बाहेर पडता पडता मी कागदपत्रांचा विषय काढला, कारण त्यात माझा अनुभव दांडगा आहे. मायग्रेशन सर्टिफिकेट हे परदेशी जाणाऱ्यांना लागतं अशी माझी पक्की समजूत होती. जालन्याचं कॉलेज औरंगाबादच्या विद्यापीठाचं, मी चाललो पुण्याच्या विद्यापीठात, म्हणजे मीही त्यांच्या लेखी देशांतराला निघालेलाच, हे मला खिडकीपाशी पोहोचल्यावर कळलं. टीसी मूळ द्यावा लागतो आणि तो परत मिळत नाही, तेव्हा आधी झेरॉक्स काढून ठेवावी, हेही तिथंच कळलं. पण टीसी देऊन झाल्यावर. "आणि हे बघ," मी भाचीला बजावलं, "प्रत्येक कागदाच्या ट्रू कॉपीचे पाच-पाच संच कर आणि एखादा गॅझेटेड ऑफिसर गाठ. मी तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांची सही आणली होती. म्हशी तपासून होईपर्यंत गोठ्यात उभा होतो." ती म्हणाली, "आता आपणच सही करायची असते, मामा. स्वसाक्षांकित." मी गप्प झालो. म्हशींपाशी घालवलेली ती सकाळ इतक्या वर्षांनी वाया गेली.

मध्येच आयुकाकडे जाणारा रस्ता लागला आणि मी विषय बदलायच्या आतच भाची म्हणाली, "आजी म्हणते तू इथं होतास."

हे प्रकरण जरा सविस्तर सांगावं लागेल. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, 1988 मध्ये जयंत नारळीकरांनी उभी केलेली, विद्यापीठाच्याच आवारात. इमारत चार्ल्स कोरियांची. मधल्या मोकळ्या जागेत आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी; तिथं एका जाहीर व्याख्यानाला गेलो होतो. निम्मं व्याख्यान झोपून काढलं, पण बाहेर आल्यावर फार प्रसन्न वाटलं म्हणून अधूनमधून त्या बाजूला फेरफटका मारायला लागलो. आईनं फोनवर विचारलं, "संध्याकाळी काय करतोस?" मी म्हटलं, "आयुकात जातो." यात खोटं काहीच नव्हतं. पण आईनं हे शेजारच्या काकूंना सांगितलं, काकूंनी त्यांच्या दिरांना आणि दिवाळीला मी घरी पोहोचेपर्यंत मी नारळीकरांच्या हाताखाली संशोधन करत होतो. गावातल्या एका शाळेनं माझं व्याख्यानही ठेवलं. विषय : कृष्णविवरे.

नाही म्हणायला जागा होती. पण फळ्यावर माझं नाव रंगीत खडूनं लिहिलेलं होतं, नारळ आणला होता. मी उभा राहिलो आणि म्हणालो की कृष्णविवर म्हणजे अशी जागा, जिथं गेलेलं काहीच परत येत नाही, प्रकाशसुद्धा. माझं खगोलशास्त्र इथं संपलं. घड्याळात दीड मिनिट झालं होतं. उरलेला पाऊण तास मी वित्तीय तुटीवर बोललो. सरकार कर्ज घेतं, त्या कर्जाचं व्याज भरायला पुन्हा कर्ज घेतं, आणि तेही परत येत नाही, असं करत मी दोन्ही विषयांची सांगड घातली. शेवटी सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, मग सूर्याचं कृष्णविवर होईल का?" मी म्हटलं, "अर्थसंकल्पावर अवलंबून आहे." टाळ्या पडल्या. विज्ञानाच्या सरांनी वाजवल्या नाहीत. सूर्याचं वस्तुमान त्यासाठी कमी पडतं, तो शेवटी श्वेतबटू होणार, हे त्यांनी मला नंतर चहा पिताना, फार सभ्यपणे, कानात सांगितलं.

वसतिगृहाकडे वळलो. इथं मला खरोखरच अधिकारवाणीनं बोलता येतं, कारण मी वसतिगृहात राहिलो आहे. अर्थात माझ्या नावावर खोली नव्हती. पहिल्या यादीत नाव आलं नाही, दुसऱ्या यादीची तारीख मी पाहिली नाही (यादी नोटीस बोर्डावर लागते, बोर्ड पाहायचा असतो), आणि मग जे अनेक जण करतात ते केलं. खोली मित्राच्या नावावर, गादी माझी, जमिनीवर. अशा प्राण्याला तिथं पॅरासाइट म्हणतात. त्यात अपमान कुणी मानत नाही. दोघांच्या खोलीत चौथा आला की तिसरा पॅरासाइटच त्याला नियम समजावून सांगतो. नियम एकच : तपासणी आली की आपण नसायचं.

एका सकाळी दार वाजलं. मित्र अंघोळीला गेला होता. नियमाप्रमाणे मी गॅलरीतून पसार व्हायला हवं होतं, पण मी अर्धवट झोपेत दार उघडलं. समोर रेक्टर. "नाव?" मी प्रसंगावधान राखून मित्राचं नाव सांगितलं. "विभाग?" मित्राचा विभाग सांगितला. "गाव?" तेही सांगितलं, तालुक्यासकट. रेक्टर बाजूला झाले. त्यांच्या मागं धोतर-टोपीतले एक वयस्कर गृहस्थ हातात पिशवी घेऊन उभे होते. ते माझ्याकडे नीट निरखून पाहत म्हणाले, "साहेब, आमचा पोरगा येवढा काळा न्हाई."

पिशवीत शेंगदाण्याचे लाडू होते. माझी गादी त्याच दुपारी बाहेर आली. लाडू मात्र त्या काकांनी मला दिले, नाव त्यांच्या पोराचंच सांगितलं होतं म्हणून असेल.

हे सगळं सांगण्याच्या नादात आपण नेमके कुठं आलो याकडे माझं लक्ष नव्हतं. भाचीच्या हातातल्या फोनवर नकाशा होता. भूगोलाच्या विद्यार्थिनीला नकाशा बंद कर म्हणून सांगणारा मामा महाराष्ट्रात दुसरा नसेल, पण मी सांगितलं. "तुझा विभाग मला झोपेतही सापडेल," असं म्हणून मी डावीकडं वळलो आणि मोठ्या झाडाखाली चाललेलं भांडण पाहून जागच्या जागी थांबलो.

एक दाढीवाला मुलगा एका मुलीवर ओरडत होता. ती जमिनीवर बसून हुंदके देत होती. चार-पाच पोरं नुसती बघत उभी. "तू माझ्या बापाला मारलंस!" ती किंचाळली. माझ्यातला मामा जागा झाला. मी लंगडत पुढं झालो, दाढीवाल्याचं मनगट धरलं आणि म्हणालो, "आधी तिला सोड. पोलिसांना मी बोलावतो." शांतता पसरली. मुलीनं डोळे पुसले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "सर, तुम्ही कितव्या प्रवेशात आहात?"

ते ललित कला केंद्र होतं. नाट्य शिकणारी पोरं झाडाखाली तालीम करत होती. दाढीवाल्यानं मनगट चोळत माझे आभारच मानले. "राग खरा वाटला सर. पुन्हा एकदा धराल का? त्या बाजूनं धरा, चेहरा दिसू दे." मी धरलं. दोनदा. दुसऱ्यांदा जरा बरं झालं असं तोच म्हणाला. भाची लांब उभी राहून व्हिडिओ काढत होती. तो आता आमच्या घरच्या ग्रुपवर आहे, खाली ताईनं फक्त हात जोडलेत.

तिथून विभागाकडे भाचीनं नेलं. वाटेत तिनं जयकर ग्रंथालय दाखवलं. त्याला आता ज्ञानस्रोत केंद्र म्हणतात, हेही तिनंच सांगितलं. कॅन्टीनमध्ये चहा तिनं पाजला. पैसे स्कॅन करून दिले, मी सुट्टे काढेपर्यंत. तेवढ्यात तिची दोन वर्गमैत्रिणींशी ओळख झाली, दोघी आधीच एका ग्रुपवर होत्या, वेळापत्रक त्यांच्याकडे होतं, सेमिस्टरमधली क्रेडिट्स कशी निवडायची हे त्यांना माहीत होतं. मला उपयोगी पडण्याची एकच जागा शिल्लक होती. वसतिगृहाच्या फॉर्मवर स्थानिक पालकाचा रकाना असतो. मी खिशातून पेन काढलं.

"ते भरलंय मामा. कोथरूडच्या आत्याचं नाव घातलं."

"ती? तिला पुण्यात येऊन वर्षसुद्धा नाही झालं!"

"हो. पण ती विचारते रस्ता." मग माझा चेहरा पाहून तिला वाईट वाटलं असावं. तिनं आपलं आधार कार्ड माझ्या हातात दिलं. "मामा, एक काम करशील? समोर झेरॉक्सची रांग आहे. पुढची-मागची, दोन्ही बाजू काढून आण. दोन्ही हं."

मी रांगेत उभा राहिलो, नंबर आल्यावर दोन प्रती सांगितल्या आणि घेऊन आलो. दोन कागद होते, दोन्हींवर पुढचीच बाजू.